पायरीपाशी थांबलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आषाढीची वारी तिनं उभ्या आयुष्यात क्वचितच चुकवली असेल. एकादशी, हरिपाठ, दारी आलेल्याला भाकरी हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. ती कुणाला उपाशी जाऊ देत नसे. पण आमच्या खळ्यावर कामाला येणाऱ्या एका बाईला पाणी द्यायचं झालं, की आजी तांब्या उंच धरायची आणि ती बाई ओंजळ पुढे करायची. पाणी वरून पडायचं. तांब्याचा ओंजळीला स्पर्श होऊ नये याची काळजी दोघीही घ्यायच्या. आजीही आणि ती बाईही.

त्या बाईचा मुलगा माझ्या वर्गात होता. एकदा दुपारी शाळेतून येताना मी त्याला घरी आणलं. आजीनं त्यालाही अंगणात बसवून तसंच वरून पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि सरळ विचारलं, ‘‘आजी, वारीत तुम्ही माझ्या आईच्या पाया पडला होता ना? मग इथं असं का?’’

वारकऱ्यांची रीत तुम्हांला ठाऊक आहे. वाटेत दोन माळकरी भेटले, की ते एकमेकांच्या पाया पडतात. वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. त्या मुलाची आईही माळकरी होती. वारीत आजी तिच्यापुढे वाकली होती आणि हे त्या पोरानं पाहिलं होतं. आजी काही बोलली नाही. ती आत निघून गेली. मीही काही बोललो नाही, आणि ते मला आजही टोचतं.

आजच्या भाषणाचा विषय मला त्या अंगणात मिळाला. श्रद्धा असलेली माणसं मनानं दयाळू असतात, निदान असावीत अशी आपली अपेक्षा असते. पण दयाळू असणं वेगळं आणि अन्यायाविरुद्ध उभं राहणं वेगळं. आजीच्या ठिकाणी दया भरपूर होती. त्या दयेच्या शेजारीच अन्यायही सुखानं नांदत होता. मग प्रश्न असा, की श्रद्धाळू माणूस दयेवर न थांबता न्यायासाठी पाऊल उचलतो तो कशामुळे? त्याला नेमकं काय हलवतं?

घाईचा प्रयोग

पुष्कळांना वाटतं, की चांगले विचार सतत कानांवर पडले, की माणूस चांगला वागतो. म्हणून आपण प्रवचनं ठेवतो, मुलांना सुविचार पाठ करायला लावतो. हे कितपत खरं आहे, हे अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन ही त्यांची नावं. त्यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रिन्स्टन इथं ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारी एक संस्था आहे. तिथल्या ४० विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी निवडलं. एकेकाला सांगितलं, की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटंसं भाषण द्या. काहींना विषय दिला होता नोकरीधंद्याचा. काहींना दिला होता बायबलातल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या दृष्टांताचा. वाटेत लुटलेला, जखमी माणूस पडला आहे, धर्माधिकारी त्याला ओलांडून पुढे जातात आणि हलका मानला गेलेला एक परका माणूस मात्र थांबून त्याची शुश्रूषा करतो, अशी ती गोष्ट. आता गंमत पाहा. ज्या बोळातून या विद्यार्थ्यांना जायचं होतं, त्याच बोळात एक माणूस खोकत, कण्हत वाकून बसलेला होता. तो अर्थातच प्रयोगकर्त्यांनी बसवलेला होता. कोण थांबतो, हे पाहायचं होतं.

ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातले १०० पैकी ६३ थांबले. ज्यांना बेताची घाई होती, त्यांच्यातले ४५ थांबले. आणि ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले अवघे १० थांबले. भाषणाचा विषय कोणता होता, यानं लक्षात यावा असा फरक पडला नाही. म्हणजे दयेच्या गोष्टीवर बोलायला निघालेले भावी धर्मोपदेशक खऱ्या दुखणाइताला वळसा घालून पुढे गेले!

त्यांना हसण्याचं कारण नाही. ते वाईट नव्हते. त्यांना पोहोचायचं होतं. एका चांगल्या कामासाठीच त्यांची घाई चालली होती. श्रद्धाळू माणसाची अडचण पुष्कळदा हीच असते. त्याला देवाकडे जायचं असतं आणि वाटेतला माणूस त्याला दिसत नाही.

महाद्वारातली समाधी

हे समजून घ्यायला अमेरिकेत जायला नको. आपल्या पंढरपुरातच पाहू. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीनं महार, म्हणून त्यांना देवळात मज्जाव. त्यांचे अभंग कीर्तनांतून गायले गेले, पण ते स्वतः उंबऱ्याबाहेर राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर ठेवल्या, असं परंपरा सांगते.

नामदेव आणखी काय करू शकत होते? मित्राला ते आत नेऊ शकले नाहीत. पण प्रत्येक दर्शनार्थ्याच्या वाटेत त्यांनी एक प्रश्न मात्र मांडून ठेवला. पुढची सहाशे वर्षं लाखो वारकरी त्या समाधीवर डोकं टेकवून आत गेले. चोखोबांच्या समाधीला नमस्कार करायचा आणि चोखोबांच्या जातभाईंना बाहेर ठेवायचं, यात त्यांना विसंगती जाणवली नाही. सगळ्यांना दर्शनाची घाई होती.

चोखोबांच्या घरातली माणसंही अभंग रचणारी होती. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. यांतला कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो, आमचा असा जन्म करून तू काय मिळवलंस म्हणून. म्हणजे अन्यायाची जाणीव भक्तीच्या परंपरेत पहिल्यापासून होती. ती बोलून दाखवणारेही होते. उणीव होती ती ऐकून थांबणाऱ्यांची.

आईची अर्धी पायरी

अशा थांबलेल्या एका माणसाची गोष्ट आता सांगतो. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. नावातच पांडुरंग. अमळनेरच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून ते १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरून घेणारे साने गुरुजीच. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं.

त्या पुस्तकातला एक प्रसंग अनेकांच्या वाचनात असेल. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडली आहे. तिला ती एकटीनं उचलवत नाही आणि शिवायला कुणी तयार नाही. श्यामची आई श्यामला पाठवते. जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे, म्हणते. पण त्याच वेळी, नंतर अंघोळ कर, असंही सांगते.

पुष्कळजण या प्रसंगातली आईची थोरवी पाहतात, आणि ती आहेच. त्या काळातल्या एका ब्राह्मण बाईनं एवढं करणं सोपं नव्हतं. पण त्या अंघोळीकडेही पाहायला हवं. आईनं अर्धी पायरी ओलांडली. माणसाला मदत केली, पण रूढी मोडली नाही. गुरुजींनी ही अंघोळ पुस्तकातून गाळली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आणि आईनं जिथं पाऊल थांबवलं, तिथून पुढची पायरी आपल्याला चढायची आहे हे त्यांनी ओळखलं, ही त्यांची मातृभक्ती.

मला वाटतं, श्रद्धाळू माणसाला हलवणारी पहिली गोष्ट ही आहे. तो आपल्या परंपरेला सोडून बाहेर पडत नाही. तिच्यातलं जे उत्तम आहे, तेच तिच्या शेवटापर्यंत नेतो. देवाला सगळी माणसं प्रिय आहेत हे आईनं शिकवलं ना? मग त्या देवाच्या दारात काही माणसं बाहेर का?

दहा दिवस

१९४६च्या अखेरीस गुरुजींनी निश्चय जाहीर केला. पंढरीचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं, नाहीतर आपण प्राणांतिक उपोषण करू. सहकाऱ्यांनी त्यांना गळ घातली, की आधी लोकांकडे जा, लोकमत जागं करा. गुरुजींनी ते मानलं. सेनापती बापट, राष्ट्र सेवा दलाचे तरुण, शाहीर यांच्यासह ते गावोगाव फिरले. सभा झाल्या, गाणी झाली. कितीतरी गावांनी आपली देवळं आणि पाणवठे खुले केले. त्या दौऱ्यात गुरुजी लोकांना शिव्याशाप देत नव्हते. ते म्हणत होते, तुम्ही ज्या देवाला माऊली म्हणता, तिची काही लेकरं दाराबाहेर उभी आहेत, हे तुम्हांला कसं सहन होतं?

गुरुजींनी शास्त्राचा कीस काढत वाद घातला नाही. ऐकणाऱ्याच्या हृदयात जो देव आधीच बसलेला होता, त्याचीच त्यांनी साक्ष काढली.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. देश त्या वेळी स्वातंत्र्याच्या आणि फाळणीच्या उंबऱ्यावर उभा होता. या धामधुमीत एका देवळाचा प्रश्न कशाला काढता, असं विचारणारे होते. विरोधकही स्वस्थ नव्हते. साने, भीमेपलीकडे चालते व्हा, हे दार उघडणार नाही, अशा घोषणा पंढरपुरात घुमल्या.

सर्वांत कठीण क्षण आला तो मात्र स्वकीयांकडून. ज्यांना गुरुजी गुरुस्थानी मानत, त्या गांधीजींनी तार करून उपोषण सोडण्यास सांगितलं. त्यांच्यापर्यंत एकांगी माहिती पोहोचली होती. एखाद्या भक्ताला आपल्या गुरूकडून ‘थांब’ असा निरोप यावा, यापेक्षा मोठी परीक्षा कोणती? गुरुजींनी नम्रपणे कळवलं, की आपण थांबू शकत नाही. त्यांनी गुरूचा अनादर केला नाही आणि आपल्या सद्सद्विवेकाचाही केला नाही.

अखेर दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले. हे तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होते आणि पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. बडव्यांशी बोलणी झाली, त्यांची संमती मिळाली आणि १० मे रोजी गुरुजींनी उपोषण सोडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतानं मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. चोखोबांना जाऊन सहा शतकं उलटल्यावर त्यांच्या माणसांना विठ्ठल उराउरी भेटला.

विरोधकांची श्रद्धा

इथं एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. दार उघडू न देणारे नास्तिक होते का? मुळीच नाही. तेही श्रद्धाळूच होते. पहाटे उठून देवाची काकडआरती करणारे होते. देव बाटेल अशी त्यांना मनापासून धास्ती वाटत होती. मग श्रद्धेनं गुरुजींना एका बाजूला आणि त्यांना दुसऱ्या बाजूला का उभं केलं?

मला यात दोन फरक दिसतात. पहिला असा. विरोधकांची श्रद्धा देवाची राखण करू पाहत होती. देव जणू नाजूक आहे, कुणाच्या तरी स्पर्शानं त्याला इजा होईल, अशी ती भावना. गुरुजींच्या श्रद्धेला देवाची काळजी नव्हती. तिला माणसाची काळजी होती. देव आपलं पाहून घेईल, दाराशी उभ्या असलेल्याचं काय, असं ती विचारत होती.

दुसरा फरक, किंमत कोण मोजतो हा. पावित्र्य टिकवण्याची किंमत विरोधक दुसऱ्याला मोजायला लावत होते. तुम्ही बाहेर राहा म्हणजे आमचा धर्म राहील, असा त्याचा अर्थ. गुरुजींनी आपल्या आग्रहाची किंमत आपल्या देहावर घेतली. एखादी श्रद्धा करुणेकडे चालली आहे की क्रौर्याकडे, हे ओळखायला ही खूण पुष्कळदा पुरेशी पडते. तिच्यापायी उपाशी कोण राहतं, एवढं पाहावं.

दया नको, हक्क हवा

पण गोष्ट इथंच संपवली, तर ती अर्धवट राहील. कारण या कहाणीत आतापर्यंत जे बोलले ते बहुतेक दार उघडणारे. दाराबाहेरच्यांचं म्हणणं काय होतं?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुष त्यात होते. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, पण दारं उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे पंढरपूरचं उपोषण सुरू झालं, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी देवळाच्या दारापासून मनानं केव्हाच पुढे निघून गेले होते. त्यांचा सवाल होता शिक्षणाचा, जमिनीचा, राज्यकारभारातल्या वाट्याचा, आणि मुळात समान माणूस म्हणून वागवलं जाण्याचा. कुणीतरी मोठ्या मनानं दार उघडावं आणि आपण उपकृत व्हावं, हे त्यांना नको होतं.

ही टीका करुणेची वाट चालणाऱ्या प्रत्येकानं उराशी बाळगावी अशी आहे. करुणा वरून खाली वाहू लागली, की ती आमच्या आजीच्या तांब्यासारखी होते. पाणी मिळतं, पण हात वरच राहतो. करुणेला न्यायाची जोड मिळते ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं बोलणं ऐकल्यावर. आणि तो जे मागतो ते आपल्या सोयीचं नसलं, तरी ऐकल्यावर.

बाबासाहेबांनी धर्माचा मार्गच सोडला, असंही नाही. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात प्रज्ञेइतकंच करुणेला आणि मैत्रीला स्थान आहे. मैत्री हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. करुणेत वर-खाली होण्याचा धोका असतो. मैत्रीत दोघं एकाच पातळीवर उभे असतात.

गाडगे महाराजांनी हे मर्म आपल्या रीतीनं ओळखलं होतं. त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवळात कोण जातं यावर ते अडून बसले नाहीत. वाळवंटात झाडू मारला, कीर्तन केलं, आणि वास्तू मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली.

कुणीतरी विचारावं लागतं

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. माणूस हलतो तो कशानं? यावर एक फार मोलाचा अभ्यास सॅम्युअल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्यानं केला आणि १९८८ मध्ये तो ग्रंथरूपानं आला. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यूंना लपवून वाचवणाऱ्या चारशेहून अधिक माणसांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. सॅम्युअल स्वतः लहानपणी एका पोलिश कॅथलिक बाईमुळे वाचलेले. म्हणजे हा प्रश्न त्यांच्या जिवाचा होता.

त्यांना काय आढळलं? नुसती धार्मिकता हा फारसा फरक नव्हता. वाचवणारे धार्मिक होते, तसेच न वाचवणारेही होते. फरक होता तो धर्माचा अर्थ कसा लावला यात. ‘आपली माणसं’ या शब्दांत कोण कोण येतं, याची कल्पना वाचवणाऱ्यांच्या घरात लहानपणापासून ऐसपैस होती. आणि दुसरी गोष्ट मला थक्क करून गेली. त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांनी पहिली मदत केली, ती स्वतःहून नव्हे. कुणीतरी येऊन विचारलं, म्हणून केली.

फ्रान्समध्ये ल शांबों नावाचं एक डोंगराळ गाव आहे. तिथले लोक प्रॉटेस्टंट. त्यांच्या पूर्वजांचा धर्मासाठी छळ झाला होता आणि त्या आठवणी घराघरांत जपल्या गेल्या होत्या. १९४० ते १९४४ या काळात पाद्री आंद्रे त्रोक्मे, त्यांच्या पत्नी माग्दा आणि त्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येनं ज्यू निर्वासितांना आसरा दिला. सुरुवात अशी झाली, की थंडीत एका अनोळखी बाईनं दार ठोठावलं आणि माग्दाबाईंनी तिला आत घेतलं. पुढे त्रोक्मे यांचा चुलतभाऊ दानियेल आपल्या देखरेखीखालच्या विद्यार्थ्यांसोबत पकडला गेला आणि १९४४ मध्ये छळछावणीत मरण पावला. इतकं होऊनही त्या माणसांना विचारलं, तर ती म्हणत, आम्ही विशेष काय केलं?

ही नुसती विनयाची भाषा नव्हे. रोजच्या सवयीनं जे केलं जातं ते करणाऱ्याला विशेष वाटत नाही. दार ठोठावलं की उघडायचं, ही सवय असली, तर संकटाच्या वेळीही हात कडीकडेच जातो. एकट्यानं हे निभत नाही, हेही खरं. गुरुजींच्या मागे सेवा दल होतं, सेनापती होते. नाशिकच्या सत्याग्रहींना एकमेकांची सोबत होती. ल शांबोंत शेजारी शेजाऱ्याची चहाडी करत नव्हता. श्रद्धेचा हा फार मोठा आणि पुष्कळदा न ओळखलेला उपयोग आहे. ती माणसांना एकत्र बसवते. त्या बैठकीत नुसती पोथी वाचायची, की दाराबाहेर कोण उभं आहे तेही विचारायचं, हे बसणाऱ्यांनी ठरवायचं असतं.

पंढरीचं दार १९४७ मध्ये उघडलं आणि सगळं झालं, असंही मानू नका. १९५३ मध्ये विनोबा बिहारात देवघरच्या मंदिराकडे हरिजनांसह गेले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. १९५८ मध्ये मात्र पंढरपुरात विनोबा निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांना घेऊन विठ्ठलापुढे उभे राहिले, आणि तेही मंदिराच्या निमंत्रणावरून. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेसाठी सर्व जातींतल्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले. एक उंबरा ओलांडला, की पुढचा दिसतो. गावोगावच्या विहिरी, स्मशानं, भाड्यानं घर देताना विचारलं जाणारं आडनाव हे सगळे उंबरेच आहेत, आणि ते फार लांबही नाहीत.

आता आजीचं सांगून थांबतो. त्या दुपारनंतर काही दिवस ती गप्प गप्प होती. मग एका एकादशीला ती बाई खळ्यावर आली, तेव्हा आजीनं पितळेचा पेला भरून तिच्या हातात दिला. त्या बाईनंच आधी मागे सरून ओंजळ पुढे केली. ‘‘घे ग,’’ आजी म्हणाली, ‘‘वारीत काय वेगळी होतीस?’’

एकदम सगळं बदललं असं सांगितलं, तर ते खोटं होईल. तो पेला पुढे बरीच वर्षं आमच्या घरात वेगळा ठेवला जात होता. वेगळा घासला जात होता. श्यामच्या आईची ती अंघोळ आमच्या घरीही होती. माझ्या आईनं पुढे केव्हातरी तो पेला उचलून बाकीच्या भांड्यांत ठेवला. कुणी काही बोललं नाही.

पण त्या पोरानं विचारलं नसतं, तर तांब्या कदाचित खाली आलाच नसता. आजीला विठ्ठल माहीत होता, हरिपाठ पाठ होता, दयाही होती. उणीव होती ती अंगणातून आलेल्या एका प्रश्नाची, आणि तो ऐकून थांबण्याची. तो विचारण्याचं धैर्य ज्यानं दाखवलं, तो नऊ-दहा वर्षांचा होता आणि तहानलेला होता. त्याच्या शेजारी बसलेला मी काहीच बोललो नव्हतो. तेव्हा राहून गेलेलं बोलणं आज तुमच्यापुढे बोललो, एवढंच.